उजव्या कुशीवरचा पोचा

मी एक जुनी मोटारसायकल आहे. जुनी म्हणा, माझी काही हरकत नाही. भंगार मात्र म्हणू नका. मागच्याच आठवड्यात प्रताप नगरातल्या आमच्या फाटकाशी एक हातगाडीवाला थांबला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे भंगार द्याचं हाये काय जी?" टाकीत चार थेंब पेट्रोल असते ना, तर तिथल्या तिथे असा धूर सोडला असता की त्याला फाटक सापडले नसते!

मित्रांनो, माझ्या उजव्या सायलेन्सरवर वाटीएवढा एक पोचा आहे. येणारा-जाणारा तो पाहतो आणि विचारतो, "कुठं धडकली होती?" मी कुठेही धडकले नाही. मी पडले तेव्हा धावत नव्हते, चालतही नव्हते. देवळाच्या अंगणात, भर दुपारी, जागच्या जागी उभी होते आणि पडले. उभ्या उभ्या पडणे ही मोटारसायकलीच्या जन्मातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट समजतात. पण मी त्या दिवसाची लाज धरत नाही. का धरत नाही, ते ऐका.

माझा जन्म म्हैसूरच्या कारखान्यातला, सन एकोणीसशे सहासष्टचा. नाव जावा. रंग पिकलेल्या जांभळासारखा, टाकीच्या दोन्ही बाजूंना चकचकीत पत्रा, मागे दोन सायलेन्सर. माझी कीक आणि गिअर एकाच दांडीत आहेत. दांडी मागे वळवली की कीक, पुढे घेतली की गिअर. मालगाडीच्या डब्यात गवताच्या पेंढ्यांत बसून मी नागपूरला आले आणि पाचपावलीच्या कोष्ट्यांच्या वस्तीत गणपतरावांच्या दारी उतरले.

गणपतराव तेव्हा नागपूरजवळच्या वाडीला मालाच्या गोदामात कामाला होते. घरी दोन हातमाग होते, त्यांवर थोरले भाऊ देवाजी धोतरे आणि लुगडी विणत. पण गणपतरावांचा जीव सगळा पेटीत. पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. त्यांची बायको सिंधूताई कीर्तन करायची आणि हे साथीला बसायचे. घेतली मला गोदामात जाण्यासाठी, पण खरी कामाला लागले ती देवासाठी. गणपतराव पुढे, सिंधूताई मागे आणि दोघांच्या मध्ये कापडात बांधलेली पेटी. उमरेड, कळमेश्वर, सावनेर, काटोल, कुठे कुठे गेले नाही मी!

खरे सांगते, मी देवळाच्या आत कधी गेले नाही. वाहनाची जागा बाहेर. पण कीर्तन ऐकायला आत बसावे लागते असे थोडेच आहे? झांज वाजली की माझ्या चाकांच्या तारा झणझणायच्या. पूर्वरंगात सिंधूताई एखादा अभंग उलगडत, मग नामाचा गजर होई, मग कथा. ती कथा सांगू लागली की माणसे बिड्या विझवत आणि बाया रडणाऱ्या लेकरांना पदराखाली घेत. एवढी कीर्तने मी दाराबाहेर उभ्याने ऐकली आहेत, की आतल्या कित्येकांनी बसूनही ऐकली नसतील.

पाच वर्षे अशी गेली. मग गणपतरावांना काचबिंदू झाला. डोळ्यांपुढचा उजेड बाजूबाजूने आटत चालला. एक दिवस वाडीच्या रस्त्यावर समोरून आलेला ट्रक त्यांना दिसलाच नाही. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचलो. गणपतरावांनी मला बाजूला घेतले, टाकीवर डोके टेकले. त्यानंतर गोदाम सुटले. मला गोणपाट पांघरून मागांच्या खोलीत ठेवले.

आता घर चालायचे ते कीर्तनावर. पण कीर्तने खेड्यांत. जाताना एस.टी. मिळे, परतायला नसे. एका दिवशी दोन गावे असली की एक गाव सोडावे लागे. अशी सहा महिन्यांत अकरा गावे सुटली. बाराव्या गावाचा निरोप आला तेव्हा सिंधूताईने माझ्यावरचे गोणपाट काढले.

"अहो, मले शिकवा," ती म्हणाली.

गणपतराव हसले. "पडशील ना वं."

"पडली तं उठीन. कीर्तनात रोज लोकायले काय सांगतो आपण?"

रोज सकाळी कस्तुरचंद पार्कच्या मैदानात आमची शाळा भरू लागली. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून सिंधूताई पुढे, मागे गणपतराव. त्यांना दिसत नसे, पण कान तयार होते. "क्लच लवकर सोडला तू... आता रेस कमी कर... ऐक, इंजिन काय म्हणून राहिलं." सायकल रिक्षावाले थांबून पाहायचे. एक जण ओरडला, "बाई, मैदान नापून राहिली काय?" सिंधूताई ओरडली, "हाव गा भाऊ, तुह्या रिक्षाले जागा किती लागते ते पाहून राहिली!" आणि तेवढ्या नादात आम्ही तिघेही आडवे झालो.

तिथेच गणपतरावांनी तिला पडलेली गाडी तपासायला शिकवले. सिंधूताईचे कसे, जे ओवीत बसत नाही ते तिच्या डोक्यात राहत नाही. म्हणून तिने त्या सगळ्याच्या ओव्याच रचल्या. भाकऱ्या थापताना त्या ओव्या गुणगुणायची. शेजारणींना वाटे, एखाद्या नव्या व्रताच्या ओव्या असतील!

पण घरात एक गाठ होती. थोरले भाऊ देवाजी. सिंधूताईचे भासरे. आमच्याकडे भासरे धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाहीत. जे सांगायचे ते भावाला सांगतात, भाऊ घरी नसला तर भिंतीला सांगतात. देवाजी तर मलाही सांगत. "गाडे, घरातल्या माणसाले म्हण, चहात साखर कमी हाये." सिंधूताई डोक्यावर पदर घेऊन मलाच उत्तर देई. मी दोघांच्या मधला टपाल-डबा.

बाईमाणसाने मोटारसायकल चालवायची, आणि नवऱ्याला मागे बसवून, हे देवाजींना मुळीच पटले नाही. ते माणूस वाईट नव्हते. वस्तीत हसू होईल, भावाचे हातपाय मोडतील, ही धास्ती. एका संध्याकाळी देवघरापुढे उभे राहून ते म्हणाले, "गणपत, तुह्या बायकोले सांग. चालव म्हणा. पण जिच्या हाती गाडी, तिनंच गाडी उचलली पायजे, तिनंच नीट केली पायजे. ज्या दिवशी बाहेरच्या माणसाचा हात लागला, त्या दिवशी गाडी इकाची. रस्त्यात मदतीले लोकायच्या हातापाया पडणारी सून मले नको."

सिंधूताईने देवघरातल्या चिपळ्यांवर हात ठेवला. "अहो, भाऊजींना सांगा, कबूल."

मित्रांनो, तो शब्द दोन वर्षे माझ्या डोक्यावर टांगलेला होता. मी विकली गेले असते तर मला दुसरा धनी मिळाला असता. पण सिंधूताईची गावे गेली असती, आणि गणपतरावांची पेटी कोपऱ्यात गेली असती. म्हणून मी जपून चालायची. साखळी ताणू द्यायची नाही, प्लग काळा होऊ द्यायचा नाही. लोक मात्र बोलतच. "आंधळ्याची काठी पेट्रोलवर चालते" असे कोणी म्हणे, तर कोणी पाया पडून माझ्या हँडलला हार घाले. सिंधूताई दोघांनाही हसून नमस्कार करी.

आणि मग चौऱ्याहत्तर सालची दत्तजयंती आली.

त्या दिवशी सकाळचे कीर्तन काटोलच्या दत्ताच्या देवळात, आणि सूर्य मावळताना दत्तजन्माचे कीर्तन कळमेश्वरात. जन्माचा पाळणा काही कोणासाठी थांबत नाही. दुपारी तीनला निघायचेच होते.

देवळाच्या अंगणात आदल्या दिवशीच नवी काळी माती घालून सारवले होते. वरून कसे अगदी ताटासारखे गुळगुळीत! पण खाली माती ओलीच. सिंधूताईने मला मोठ्या स्टँडवर उभे केले. माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, फुलांनी सजवलेली पालखी ठेवली होती. पालखीत दत्ताच्या पादुका.

कीर्तन झाले. त्या दिवशी पूर्वरंगात निंदा आणि स्तुती सारखीच मानावी असे निरूपण होते. मी मनात म्हटले, बाई, सोपे आहे काय ते! मग प्रसादाच्या पंगती बसल्या. दिवस संत्र्यांचे होते. जनाबाई नावाच्या एका म्हातारीने घरून पिशवीत पाचसहा संत्री आणली आणि माझ्या मागच्या कॅरियरला अडकवली. "ताईसाठी," म्हणाली. ते पाहून दुसरी आली, तिसरा आला. बघता बघता पिशव्या, फडकी, एक तर अर्धे पोते. देणाऱ्यांची मने मोठी, पण सगळे लटकवायचे माझ्या उजव्याच बाजूला! कारण डाव्या बाजूला उभे राहिले की पालखीकडे पाठ होते. देवाला पाठ कशी दाखवायची? एकानेही दाखवली नाही.

माझ्या स्टँडचा उजवा पाय मातीत रुतू लागला. एक बोट, दोन बोटे. मी ओरडू तरी कशी? शेवटी कोणीतरी, मला वाटते पुजाऱ्याच्या बहिणीने, दोन संत्र्यांची एक इवलीशी पुरचुंडी अडकवली, आणि मी उजव्या कुशीवर धाडकन पडले.

अंगणभर संत्री घरंगळली. माझ्या टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपू लागले. पंगतीतून वीस-पंचवीस गडी उष्ट्या हातांनी उठून धावत आले.

"थांबा!" सिंधूताई ओरडली. "कोणी हात लावू नका!"

सगळे होते तिथे थांबले. आणि त्या गर्दीत, खांद्यावर धोतरांचे गाठोडे घेतलेले देवाजी मला दिसले. काटोलच्या बाजाराला माल घेऊन आले होते, भावजयीचे कीर्तन मागे बसून ऐकत होते. सिंधूताईलाही ते त्याच क्षणी दिसले. तिने पदर डोक्यावर घेतला.

देवाजी गणपतरावांपाशी आले. "गणपत, काय म्हणलं होतं म्या?"

"म्हणलं होतं भाऊ," गणपतराव म्हणाले. "पण अजून कोणाचा हात नाही लागला."

देवळाचे पंच मारोतराव पुढे झाले. चांगले दणकट गृहस्थ, मिशीला तूप लागलेले. "ताई, असं काय करता? चार जणं उचलू, मिनिटाचं काम. कळमेश्वरचा पाळणा वाट पाहून राहिला ना!"

"मारोतराव," सिंधूताई हात जोडून म्हणाली, "माह्या घरी शब्द देला हाये. गाडी मीच उचलणार. पहिले हे निरांजन अन् उदबत्त्या दूर न्या, पेट्रोल सांडून राहिलं. बिडीवाले मागं सरा."

"अन् आमी काय नुसतं पाहाचं?" गर्दीतून कोणीतरी म्हणाले.

"हातच द्यायचे असतील तर टाळीले द्या," ती म्हणाली आणि खाली बसून तिने माझा पेट्रोलचा कॉक बंद केला. मग उठून गाऊ लागली, तिचीच ओवी, भाकऱ्यांच्या तालातली:

"गाडी पडली उभ्या ठायी । त्यात लाजायाचे काही नाही ।
पेट्रोल आधी बंद होई । मग उचला ॥"

लोक आधी हसले. मग पेटी वाजली. गणपतराव अंदाजाने पेटीपाशी बसले होते आणि त्यांनी सूर धरला होता. तबलेवाला उष्ट्या हाताने कसा वाजवणार, म्हणून त्याने हात धोतराला पुसले आणि धरला ठेका. आणि टाळ्या सुरू झाल्या.

"पाठ गादीला, पाय भुईला । कंबर नाही वाकवायला ।
जोर मांड्यांचा लावायाला । हळूहळू ॥"

तिने माझ्याकडे पाठ केली, गादीच्या कडेला पाठ टेकवली, एक हात हँडलला, एक हात कॅरियरला. टाचा रोवल्या. मी हलले. गुडघाभर वर आले. आणि तिची टाच सारवणावर सटकली. मी पुन्हा खाली. टाळ्या थांबल्या.

"राहू दे आता," देवाजी भावाकडे पाहून म्हणाले. आवाज मोठा नव्हता. त्यांनी गाठोडे खाली ठेवले होते. "गणपत, सांग तिले. कंबर मोडून घेईल. हरली म्हणून कोणी काही म्हणणार नाही."

गणपतरावांनी पेटीवरचे हात उचलले नाहीत. "तुमीच सांगा भाऊ. मले तं दिसत नाही ती हरून राहिली का जिंकून राहिली."

सिंधूताईने गळ्यातला कीर्तनाचा हार काढून पालखीवर ठेवला. घरंगळलेल्या संत्र्यांचे रिकामे झालेले पोते उचलून टाचेखाली पसरले. पुन्हा पाठ टेकवली. "विठ्ठल!" म्हणाली, आणि मी उठले. मित्रांनो, कारखान्यातून बाहेर पडले तेव्हाही एवढी ताठ उभी राहिले नव्हते! आपल्या अंगाच्या टेक्यावर तिने मला धरले, कठीण जमिनीपर्यंत ढकलत नेले आणि स्टँडवर चढवले. टाळ्यांनी देवळाची घंटासुद्धा किणकिणली असेल.

मारोतराव पुढे आले. "शाबास ताई! मारा आता कीक! चालू झाली म्हणजे झालं. दोन वाजून गेले."

गर्दीही ओरडू लागली. "मारा कीक! मारा कीक!" लहान लेकरे अगदी माझ्या पुढच्या चाकाशी येऊन उभी राहिली. तिचा पाय दांडीकडे गेलेला मी पाहिला. खरे सांगते, मलाही वाटले, मारावी. पाळणा थांबणार नाही. जिंकलेल्या माणसाला घाई फार असते.

पण तिने पाय मागे घेतला. "नाही. पडलेल्या गाडीले उठवलं म्हणजे बरी झाली असं नाही. पहिले पाहीन, मंग कीक."

"अजून काय पाहाचं?" मारोतराव म्हणाले. "काहून वेळ घालवून राहिल्या?"

तिने उत्तर ओवीतच दिले:

"हँडल फिरवा दोन्ही अंगे । चाक वाकडे तर ते सांगे ।
ब्रेक, क्लच पुसा मागे । काय झाले ॥"

तिने माझे हँडल डावीकडे वळवले, उजवीकडे वळवले. सरळ होते. चाके फिरवून पाहिली, कुठे घासत नव्हती. पुढच्या ब्रेकची मूठ वाकली होती, पण दबत होती. उजवा फुटरेस्ट वर उचलला गेला होता. पायाचा ब्रेक त्याला टेकत होता. तिने पान्याने धरून तो सोडवला. दिव्याची काच शाबूत. सायलेन्सरवर हा पोचा. तिने पोच्यावर हात फिरवला, लेकराच्या टेंगळावर फिरवतात तसा. मग शेवटची ओवी:

"रेस पिळून द्या सोडून । आली पाहिजे मागे फिरून ।
नाही तर घोडा उधळून । जाईल बापा ॥"

तिने माझी रेसची मूठ पिळली आणि सोडली.

पेटी एकदम थांबली.

"सिंधू," गणपतराव म्हणाले, "टक् नाही वाजलं."

"काय नाही वाजलं?" मारोतरावांनी विचारले.

"रेस सोडली की आत टक् वाजते. आठ वर्सं ऐकून राहिलो. ते वाजलं नाही."

आणि खरेच, मूठ जिथे पिळली तिथेच राहिली होती, पुरी उघडी. पडताना मुठीत माती घुसली होती, रबर आत सरकून अडकले होते. त्या क्षणी जर कीक बसली असती तर इंजिन पूर्ण जोराने भडकले असते, आणि स्टँडवरून उसळून मी कुठे गेले असते? समोर लेकरे होती.

मारोतरावांनी आपल्या हाताने लेकरांना मागे ओढले. "ताई," एवढेच म्हणाले, "तुमी कीक नाही मारली."

मी हे सांगते ते फुशारकीने नाही. मला माझ्या अंगात काय अडकले आहे ते कळत होते आणि सांगता येत नव्हते. यंत्रांना तोंडे नसतात, मित्रांनो. आमचे दुखणे तुम्हीच ऐकायचे असते.

सिंधूताईने माझ्या हत्यारांच्या डब्यातून पेचकस काढला, मूठ ढिली केली, माती पुसली, रबर बोटभर बाहेर ओढले. तेल लागत होते. पुजाऱ्याने नंदादीपाच्या तेलाची बुधली पुढे केली. तिने दोन थेंब घेतले. मूठ पिळली. सोडली.

टक्.

एवढासा आवाज, पण अंगणभर ऐकू गेला. आणि मग मागून एक आवाज आला.

"सिंधू, आणखी एक डाव. मले आयकू दे नीट."

देवाजी बोलले होते. भावाला नाही, भिंतीला नाही, मला नाही. तिला.

सिंधूताईचा हात मुठीवरच थबकला. तिने मान वळवली नाही, पदर सावरला आणि मूठ पुन्हा पिळली. टक्. पुन्हा. टक्. देवाजींनी मान हलवली, मग खाली वाकून विखुरलेली संत्री पिशव्यांत भरू लागले. भरलेल्या पिशव्या हातात तोलून त्यांनी अर्ध्या उजवीकडे, अर्ध्या डावीकडे बांधल्या. डावीकडे बांधताना पालखीकडे पाठ झाली, तर वळून दत्ताला हात जोडले. "माफ कर गा देवा, वजन सारखं पायजे." गाठ कोष्ट्याची, तुटेल पण सुटणार नाही अशी.

"भाऊ, तुमचा हात लागला ना गाडीले!" गणपतराव हसत म्हणाले.

"म्या पिशवीले हात लावला, गाडीले नाही," देवाजी म्हणाले. "अन् मी काय बाहेरचा हाये?"

कॉक उघडला. पडल्यामुळे आत पेट्रोल जास्त झाले होते. पहिल्या कीकला नुसती फुसफुसले, दुसरीला खोकले, तिसरीला अशी गरजले की पालखीवरची फुले थरथरली. पेटी मध्ये, गणपतराव मागे, काटोलवाल्यांचा जयघोष पाठीशी. वाकलेल्या फुटरेस्टमुळे सिंधूताईचा पाय अवघडला होता, पण तिने मला एकदाही थांबवले नाही. कळमेश्वरच्या देवळापुढे पोचलो तेव्हा सूर्य अजून बोटभर वर होता. तिने तोंडावरची धूळ पुसली आणि तशीच कीर्तनाला उभी राहिली. अनसूयेच्या घरी तीन देव कसे लेकरे होऊन आले, ती कथा. पाळणा हलला तेव्हा मी बाहेर गार होत होते, इंजिन टिक टिक वाजत होते. पाळण्याच्या दोरीचा आणि माझा ताल एकच होता, असे मला वाटले. वाटू द्या मला.

त्यानंतर मी आणखी बारा वर्षे धावले. फुटरेस्ट सरळ केला, मूठ नवी बसवली. सीताबर्डीच्या मिस्त्रीने विचारले, "ताई, हा पोचा ठोकून काढू का?" सिंधूताई म्हणाली, "राहू द्या. तो तिचा दागिना हाये."

आता सगळे म्हातारे झालो. प्रताप नगरात लहानसे घर झाले, अंगणात पत्र्याखाली मी. सिंधूताई अजून कीर्तन करते, गणपतराव अजून साथीला. कार्यक्रमाचे लोक आता त्यांना गाडी पाठवतात, चार चाकांची, आणि मी फाटकातून पाहते. आठवड्यांमागून आठवडे कोणी माझ्याकडे पाहत नाही. टाकीवर कबुतरे बसतात. मी तक्रार करत नाही, फक्त सांगून ठेवते.

पण दसऱ्याला देवाजी येतात. सत्तरी ओलांडली आहे, पाचपावलीहून सायकल रिक्षाने येतात. आधी मला झेंडूची माळ घालतात, मग सोने देतात, मग माझी रेस पिळून सोडतात. टक् वाजले की भावजयीला हाक मारतात, "सिंधू, चहा टाक वं. साखर कमी."

मागच्या आठवड्यात तो हातगाडीवाला आला तेव्हाही ते इथेच बसले होते. "हे भंगार द्याचं हाये काय जी?" ऐकल्यावर काठी टेकत उठले, त्याचा हात धरून माझ्यापाशी आणला, आणि त्याच्याच हाताने माझी मूठ पिळायला लावली. टक्.

"आयकलं का? हे बोलते अजून," देवाजी म्हणाले. "बोलते त्याले भंगार नसते म्हणत. जाय आता."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी सायकल असेल, शिवणयंत्र असेल, म्हातारे माणूस असेल. कधीतरी ते पडेल, उभ्या उभ्याही पडेल. तेव्हा हसू नका, आणि उचलले म्हणजे झाले असेही समजू नका. त्याचे हातपाय हलवून पाहा. कुठे वाकले, कुठे अडकले, ते विचारा. आणि आतले टक् कानी येईपर्यंत घाई करू नका.

माझ्या टाकीत आज पेट्रोल नाही. पण मूठ परतते, स्टँड घट्ट आहे, आणि ह्या खेपेला जमीन फरशीची आहे. येऊ द्या किती हातगाड्या यायच्या आहेत त्या. मी उभी आहे.